प्लेनरवर हात ठेवून

आमच्या वर्कशॉपात एक रीत होती. ज्याच्या हातून काम बिघडलं त्यानं मोठ्या प्लेनरचा पट्टा उतरवायचा, मशीन थांबलं की टेबलावर उजवा हात ठेवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं, "गलती मेरी, मशीन की नै." मग पट्टा चढवून परत कामाला लागायचं. ही रीत माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, काढलेली. आपण कुणावर कधी हात उगारला नाही, कुणाला तडकाफडकी काढलं नाही, असं ते पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. ते खरंच होतं. त्यांना हात उगारायची गरजच पडली नाही.

मी स्वतः बाविसाव्या वर्षी तिथं हात ठेवला आहे. लेथचा एक बेड टेबलावर आवळताना मी खालची फट बघितली नाही, पाचर न देताच नट कसले. बिडाचा बेड दिसतो जाडजूड, पण आवळला की वाकतो. वाकलेल्या बेडवर मी सरळ कापलं, नट सैल केल्यावर तो आपल्या मूळ आकाराला गेला आणि माझं सरळ काम वाकडं झालं. अण्णांनी मला चौघांसमोर उभं केलं. आवाज बारीक आला म्हणून दोनदा म्हणायला लावलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना माझे डोळे भरले तेव्हा हसले. आज मी पन्नाशी ओलांडली आहे. ते हसणं मी त्यांना माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भली समजणार नाही.

प्लेनर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. सुताराच्या रंध्यात लाकूड स्थिर असतं आणि पातं सरकतं. प्लेनरमध्ये उलटं. लोखंडी टेबलावर काम आवळायचं, टेबल कामासकट पुढं-मागं जातं, वरचं हत्यार जागच्या जागी उभं राहतं आणि दर फेरीला एक पट्टी सोलून काढतं. नव्या कारखान्यांत आता हे मशीन कुणी ठेवत नाही, हळू चालतं म्हणून. पण लेथ असो, ग्राइंडर असो, त्याचा बेड म्हणजे ज्यावर बाकी सगळं सरकतं तो लांब पाया; तो वर्षानुवर्षं घासून झिजला की त्याला पुन्हा सपाट करायला आमच्यासारख्यांकडचं म्हातारं प्लेनर मशीनच लागतं. आमचं अण्णांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून उचललं होतं, दहा फुटी टेबलाचं. हैदराबादेत अंबरपेठच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आणि आठ महिने खपून स्वतःच्या हातानं नवं केलं.

आमच्या घराण्यात हे काम म्हणजे कमीपणा होता. अण्णांचे भाऊ कोर्टात, मास्तरकीत, सरकारी कचेऱ्यांत. जामबागच्या शाळेत सगळ्यात हुशार म्हणून नाव काढलेला मुलगा शेवटी लोहार झाला, असं लग्नकार्यात त्यांच्या तोंडावर बोलायचे. अण्णा उत्तर देत नसत. पण शेडमध्ये आले की त्यांच्या नाकावर राग असे, आणि त्या प्लेनरबद्दल ब्र काढलेला त्यांना खपत नसे. हैदराबादेतल्या कुठल्याही मशीनचा बेड झिजू शकतो, आपला नाही, असं ते मानत, आणि हळूहळू आम्हीही तसंच मानायला लागलो. रोज दुसऱ्यांचे झिजलेले बेड बघणारी आम्ही माणसं. आपलंही मशीन त्याच बिडाचं आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एकाच्याही म्हणणं चूक आहे. चाचांच्या आलं होतं.

चाचा आमचे स्क्रेपिंगवाले. प्लेनर कितीही चांगला चालला तरी बेड तिथून थेट गिऱ्हाइकाकडे जात नाही. सहा फुटी पक्की सरळ पट्टी घ्यायची, तिला निळा रंग फासायचा, बेडवर ठेवून हलवायची. बेडवर जिथं निळं लागेल तिथं उंचवटा. तेवढाच भाग लांब दांड्याच्या हत्यारानं खरवडायचा, परत पट्टी फिरवायची, परत खरवडायचं, असं सगळ्या बेडवर सारखे निळे ठिपके येईपर्यंत. चाचा दांडा कमरेला लावून अख्ख्या अंगानं ढकलत. माणूस कुजका. आपल्या हत्यारांना कुणाला हात लावू देत नसत, सुपारी चघळत बसत आणि दुसऱ्याचं काम बघून नुसतं "हं" करत. त्या "हं"पेक्षा शिवी परवडली. अण्णा त्यांच्या कामाला खाजवणं म्हणत. "क्या चाचा, अभी तक खाजाते बैठे?" हे वाक्य मी लहानपणापासून रोज ऐकलं आहे.

चारेक वर्षांपूर्वी अण्णांची नजर गेली. मोतीबिंदू काढला, पण मागचा पडदाच खराब झालेला निघाला. कडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. वर्कशॉप माझ्याकडे आलं. अण्णा तरी नल्लकुंट्याच्या घरून रोज माझ्याबरोबर यायचे, प्लेनरशेजारी खुर्ची टाकून आवाजावरून हुकूम सोडायचे. कुठलाही आकडा मला विचारायचे. मी सांगितलेला आकडा त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारला नाही, कुणाकडून पडताळून घेतला नाही. आयुष्यभर कुणावर विश्वास न टाकलेला माणूस माझ्या डोळ्यांवर जगत होता. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटायचं, आता बरी गरज लागते.

मागच्या वर्षी डाय म्हणजे लोखंडी साचे बनवणारे एक गृहस्थ आपल्या सरफेस ग्राइंडरचा, म्हणजे घासून सपाट करणाऱ्या मशीनचा, बेड घेऊन आले. त्यांचं सगळं काम त्या एका मशीनवर अडलेलं, रोज फोन. मी दोन दिवसांत प्लेनिंग उरकलं आणि बेड चाचांकडे दिला. एक दिवस झाला, दोन झाले, चार झाले, चाचा बेडच्या दोन टोकांवरच खरवडत बसलेले. सहाव्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चाचा, छे दिन में तो बच्चे की छट्टी हो जाती. आपका बेड नै होता?"

सगळे हसले. अण्णा खुर्चीत सगळ्यांत मोठ्यानं हसले. चाचांनी हात थांबवला नाही. नुसतं "हं" केलं.

त्या "हं"नं मी पेटले. म्हटलं, तुमची नजर गेली, हात गेले, आता घरी बसा. आणि जायच्या आधी रीत पाळा. अण्णा म्हणाले, "हौ, पाळू दे." पट्टा उतरवला. चाचा उठले, टेबलावर हात ठेवला आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "गलती मेरी, मशीन की नै." म्हणताना ते अण्णांकडे बघून हसत होते. अण्णांना ते दिसलं नाही. मला दिसलं, पण मी त्याला निर्लज्जपणा समजले. मग त्यांनी एकेक हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळलं, पिशवीत भरलं आणि गेले.

उरलेलं स्क्रेपिंग मी बाहेरच्या एकाकडून करून घेतलं. त्यानं दीड दिवसात वर छान चंद्रकोरीची नक्षी उठवून दिली. दिसायला देखणं होतं. बेड गेला.

तीन आठवड्यांनी डायवाले परत आले, हातात दोन प्लेटा घेऊन. आम्ही करून दिलेल्या बेडवर त्यांच्या ग्राइंडरनं घासलेल्या. त्यांनी दोन्हींची तोंडं एकमेकींना लावली आणि शेडच्या दाराशी उजेडात धरली. कडेला चिकटलेल्या, आणि मधून उजेडाची बारीक रेघ. दोन्ही प्लेटा मध्ये खोल होत्या. बेड मध्ये खोल असल्याशिवाय असं होत नाही. काय दिसतंय ते मी अण्णांना सांगितलं, तर ते लगेच गरजले, "तुमचा फाउंडेशन कच्चा असंल. तुमच्या फिटरला मशीन बसवता येत नाही. आमचा प्लेनर खोटं बोलत नाही." डायवाले वयानं मोठ्या माणसाला काय बोलणार. दोन्ही प्लेटा माझ्या हातात देऊन निघाले.

ते गेल्यावर मला चाचांची ती दोन टोकं आठवली. गेली कित्येक वर्षं चाचांनी पट्टी ठेवली की पहिला निळा रंग बेडच्या दोन्ही टोकांनाच लागायचा, मध्ये काहीच नाही. प्रत्येक बेडला. मी ते शेकडो वेळा बघितलं होतं आणि पट्टी अशीच लागते असं समजून बसले होते. म्हणजे आमच्या प्लेनरवरून उतरणारा प्रत्येक बेड टोकांना उंच आणि मध्ये खोल होता. आमच्या घरात जन्मून, त्या शेडमध्ये एवढी वर्षं घालवून मला हे कळू नये, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अण्णांना घरीच ठेवलं. प्लेनरचा पट्टा उतरवला, टेबलावर लेव्हल ठेवली. लेव्हल म्हणजे फूटभर लांबीचा लोखंडी ठोकळा, त्यात काचेची नळी, नळीवर रेघांची घरं, आत बुडबुडा. केसाएवढ्या फरकालाही तो सरकतो. पुली हातानं फिरवत टेबल सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं. खालचा रस्ता, म्हणजे प्लेनरचा स्वतःचा बेड, सरळ असेल तर बुडबुडा हलायला नको. तो डावीकडून निघाला, मध्ये आला आणि उजवीकडे गेला. आमच्याकडची बहुतेक कामं चार-पाच फुटांची, टेबलाच्या मधोमध आवळलेली. टेबल वर्षानुवर्षं मधल्याच रस्त्यावर पळालं, तिथंच झिजलं. आमचा प्लेनर झोळी झाला होता, आणि कापायचा तेही झोळीसारखंच.

मी चाचांकडे गेले. अंबरपेठच्या बाजारामागं दोन खोल्या. मी काय बघितलं ते सांगितलं. त्यांनी सुपारी कातरली, मला दिली नाही.

"मालूम है," म्हणाले. "पंदरा-सोला बरस से मालूम है."

"मग बोलला का नाहीत?"

"बोल्या था. तुमारे अण्णा को अकेले में बोल्या था, शेड बंद होने के बाद. साब, अपना बेड बीच में बैठ गया, अपन मशीन खोल को स्क्रेप कर लेंगे बोल्या. दूसरे दिन उनो मेरेकू सबके सामने हात रखने लगाए. तबसे मैं बोलना छोड दिया. हर बेड के दोनो सिरे उतारते बैठा. छे दिन लगते."

मी विचारलं, ते सगळं अण्णांची इज्जत राखायला केलं का? चाचा फसकन हसले. "इज्जत? बेटी, मेरेकू मजा आता था. उनो चिल्लाते, मेरा मशीन, मेरा मशीन, और मैं उनके मशीन का झूट रोज अपने हात से पोंछता था." मग म्हणाले, "और काम खराब जाता तो मेरेकू नींद नै आती. वो भी है."

मी त्यांची माफी मागितली. आमच्या प्लेनरचा रस्ता स्क्रेप करून द्या म्हटलं. ते हो म्हणाले, एका शब्दात. अट घातली नाही. त्यांनी काहीही मागितलं नाही, हे मला इथं नीट लिहून ठेवायचं आहे, कारण पुढं जे झालं ते त्यांच्यासाठी केलं असं मी बराच काळ स्वतःला सांगत होते.

सोमवारी मी अण्णांना वर्कशॉपात आणलं. चाचांना बोलावलं होतं. डायवाल्यांनाही बोलावलं, तुमच्यासमोर सोक्षमोक्ष लावते म्हणून. आमची दोन माणसं होतीच. अण्णांना खुर्चीत बसवलं, टेबलावर लेव्हल ठेवली आणि पुली फिरवायला लागले.

"काय करायलीस?" अण्णांनी विचारलं.

"टेबलावर लेव्हल लावलीय. आपल्या."

ते खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "बुडबुडा कुठाय?"

"डावीकडे. तीन घरं."

टेबल सरकलं. "आता?"

"मध्ये."

"आता?"

"उजवीकडे. तीन घरं."

डायवाल्यांच्या आणि आमच्या माणसांच्या आधी त्यांना कळलं. त्यांच्याइतकं ते मशीन कुणालाच ठाऊक नव्हतं. "लेव्हलची टोकं अदलाबदल करून बघितलीस?" लेव्हलच खोटी नाही ना, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघितली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. डायवाल्यांना विचारू शकले असते, दुसऱ्या कुणाला बघायला सांगू शकले असते. ऐंशीला टेकलेला, समोरचं न दिसणारा माणूस माझ्या तीन शब्दांवर खाली आला, आणि मान खाली घालून दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसला. इथं थांबता आलं असतं. प्लेनर झिजला, चाचा तो नीट करतील, डायवाल्यांचा बेड आपण पुन्हा करून देऊ, एवढंच बोलायचं होतं.

मी म्हटलं, "अण्णा, हात."

आधी कुणाला समजलं नाही. अण्णांना समजलं. ते उठले. टेबल त्यांना दिसेना, हवेत चाचपायला लागले. मी त्यांचं मनगट धरून हात टेबलावर ठेवला. लोखंड गार होतं, हात गरम होता. ते म्हणाले, "गलती मेरी..." आणि तिथं अडकले, कारण पुढचे शब्द खरे नव्हते.

"पूर्ण म्हणा. आवाज येत नाही."

"गलती मेरी. मशीन की भी."

"बस करो, बेटी," चाचा म्हणाले. मी बघितलं तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. "ये नक्को था मेरेकू. मैं कब मांग्या ये?" त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. अण्णांजवळ गेले, टेबलावरचा त्यांचा हात उचलून खाली घेतला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि निघून गेले. डायवाले माझ्याकडे न बघता त्यांच्या मागोमाग बाहेर पडले. मला त्या क्षणी काय वाटलं ते खोटं लिहिणार नाही. मला बरं वाटलं. तहान लागलेली असताना पाणी प्यावं तसं बरं वाटलं.

चाचा परत आले नाहीत. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा त्यांच्या सुनेनं बाहेर गेलेत म्हणून सांगितलं, आणि आतून सुपारी कातरल्याचा आवाज येत होता. प्लेनरचा रस्ता मी दुसऱ्यांकडून स्क्रेप करून घेतला, दीड महिना लागला. आता बुडबुडा हलत नाही. डायवाल्यांचा बेड पुन्हा केला, तो चांगला गेला, त्यांच्या प्लेटांमधून उजेड येत नाही. अण्णा त्या सोमवारनंतर वर्कशॉपात आले नाहीत. सकाळी मी निघाले की चप्पल घालायला उठत नाहीत. त्यांच्या भावांचे फोन आले तर घेतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात. लोखंडाचा विषय आमच्या घरातून गेला.

परवा संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. डोकं मागं टेकवून, वर छताकडे बघत त्यांनी विचारलं, "मला एकट्याला सांगता आलं नसतं?"

मला राग आला. मी म्हटलं, "चाचांनी एकट्यालाच सांगितलं होतं तुम्हाला."

"हौ," ते म्हणाले. थेंब गालावर ओघळला, तो त्यांनी पुसला नाही. "त्याचं नाही ऐकलं मी. तुझं ऐकलं असतं."

मी बाटलीचं बूच लावलं. हे मला त्या सोमवारीही माहीत होतं.